भाकरीवरचे तीळ

पौष मास लागला की या मासिकाच्या पानांवर हरभऱ्यावरील घाटे अळी, गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या, कांद्याचा बाजार आणि उसाची तोड हे विषय आपापली जागा घेऊन बसतात. आणि शेतकऱ्यांच्या मासिकात त्यांनी तशी जागा घ्यावी हे योग्यच होय. या अंकी मात्र आम्ही वाचकांच्या दोन घटका अशा एका विषयासाठी मागून घेत आहोत, की जो पाहून कित्येक बंधू हसतील व म्हणतील, हा विषय स्वयंपाकघरातला, तो शेतीच्या मासिकात कशाला? तो विषय म्हणजे भोगीच्या दिवशी भाजावयाची तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ही भाकरी चुलीवर भाजली जाते हे खरे. परंतु ती पिकते शेतात, आणि नाहीशी होते तीही प्रथम शेतातूनच. आमच्या आजच्या लेखाचे सांगणे एवढेच आहे.

आमचे बालपण पारनेर-शिरूरकडच्या कोरडवाहू टापूत गेले. त्या टापूत पावसाळा लागून वापसा झाला की बाजरीची पेरणी होई. परंतु निव्वळ बाजरी अशी कोणी पेरीत नसे. पाभर पुढे चालली असता तिच्या मागे बांधलेल्या नळीतून घरातील स्त्रिया ठराविक ओळींना निराळे बी सोडीत. एका ओळीत तूर, दुसरीत मटकी किंवा हुलगा, आणि बांधाच्या अंगच्या दोन-तीन ओळींत तीळ व अंबाडी. या ओळींचा हिशोब पुरुषांकडे नसे. बाजरी बाजारात जाई व तिचे पैसे वडिलांच्या हाती येत. तीळ मात्र घरात येत, आणि ते सर्वस्वी आमच्या मातोश्रींचे असत. तिळाची खालची बोंडे पिवळी पडू लागली की त्या स्वतः विळा घेऊन रानात जात. वरची बोंडे पिकण्याची वाट पाहात बसल्यास खालची उकलून तीळ मातीत सांडतात, हे त्यांस कोणा शेतकी अधिकाऱ्याने सांगितलेले नव्हते. कापलेल्या पेंढ्या त्या अंगणात उभ्या करून वाळवीत, आणि मग जुने लुगडे अंथरून पेंढी उलटी धरून काठीने हळूच झोडपीत. त्या वेळी लुगड्यावर होणारा बारीक सरींसारखा आवाज अद्याप आमच्या कानांत आहे.

आलेल्या तिळांचे तीन वाटे होत. पहिला वाटा बियाण्याचा. तो राखेत घोळून मडक्यात भरीत व मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून टाकीत. घरात कितीही अडचण आली तरी त्या मडक्यास हात लागत नसे. दुसरा वाटा गावच्या घाण्यावर तेलासाठी जाई. तिसरा वाटा हिवाळ्यात खावयाचा, आणि त्यातील पहिली मूठ निघे ती भोगीच्या दिवशी.

संक्रांतीचा आदला दिवस म्हणजे भोगी. त्या दिवशी पहाटे जात्यावर ताजी बाजरी दळली जाई, कारण बाजरीच्या पिठात तेलाचा अंश बराच असल्यामुळे ते साठवले म्हणजे थोड्याच दिवसांत कडवट होते. काठवटीत कढत पाण्याने पीठ मळावयाचे. बाजरीस गव्हासारखा चिवटपणा नाही, म्हणून ते लाटता येत नाही, थापावेच लागते. थापलेल्या भाकरीवरून ओला हात फिरवून तीळ पेरावयाचे आणि तळहाताने हलकेच दाबावयाचे. भाकरी तव्यावरून उतरून निखाऱ्यासमोर उभी केली म्हणजे ती फुगे, तीळ तडतडत, आणि त्यांचा खमंग वास ओसरीपर्यंत येई. जोडीला हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, वांगी, गाजरे, ओल्या शेंगांचे दाणे आणि बोरे यांची तिळाचे कूट घातलेली मिसळीची भाजी. तिला कोठे खेंगट म्हणतात, कोठे लेकुरवाळी. वर ताज्या लोण्याचा गोळा. पहिली भाकरी देवापुढे, दुसरी गाईस, आणि तिसरी ज्या गड्याने पावसाळ्यात पाभर धरली असेल त्यास. आम्हा मुलांचा क्रम त्यानंतर. या क्रमाबद्दल आम्ही त्या वेळी पुष्कळ कुरकुर केली आहे; आज तो क्रम आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आता दुसरे चित्र पहा. आमच्या मातोश्रींचे वय आज नव्वदीच्या घरात आहे. गेल्याच्या आदल्या वर्षी भोगीस सूनबाईंनी नेहमीप्रमाणे भाकऱ्या केल्या. बाजरी घरची होती. तीळ तालुक्याच्या बाजारातून पुडीतून आणले होते; साल काढून पॉलिश केलेले, पांढरेशुभ्र, एकसारखे, दिसावयास सुंदर. भाकरी ताटात पडली तेव्हा त्यांतील बरेचसे गळून ताटातच राहिले. मातोश्रींनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबल्या व आम्हांस विचारते झाल्या, “हे तीळ कुणाच्या रानातले रं?”

बाजारातून आणले, असे आम्ही सांगितले.

“बाजार म्हंजी कुणाचं रान?”

या दुसऱ्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी पुढे काही विचारले नाही व आपली भाकरी संपविली. परंतु तो प्रश्न आमच्या मनात तसाच राहिला आणि त्यातूनच हा लेख निघाला आहे.

जुने पदार्थ नाहीसे होत चालले असे म्हणण्याची आज सर्वत्र प्रथा आहे. आणि त्याचा दोष बहुधा सुनांवर व लेकींवर ठेवण्यात येतो. हल्लीच्या मुलींस थापता येत नाही, त्यांस वेळ नाही, त्यांस पुडीतले पाहिजे, असे ऐकावयास मिळते. आमच्या मते हा आरोप अन्यायाचा आहे. आमच्या घरी भाकरी थापणारे हात शाबूत आहेत, चूल नाही तरी तवा आहे, भोगीची तिथी कोणी विसरलेले नाही. नाहीशी झाली ती बांधाकडची तिळाची ओळ. आणि ती सुनेने मोडली नाही, आम्ही मोडली. ज्या वर्षी आम्ही ती पेरावयाची सोडली, त्या वर्षी घरात कोणास विचारलेही नाही.

ती का मोडली याची कारणे प्रामाणिकपणे सांगावयास हवीत, कारण ती मूर्खपणाची नव्हती. इ. स. १९८० नंतरच्या दशकांत सोयाबीन आपल्या प्रांतात पसरले, आणि आज महाराष्ट्रात ४० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र त्याच्या खाली आहे. त्यास बाजार आहे, त्याचा पैसा एकदम हाती येतो, व पुढच्या रब्बीस रान मोकळे होते. पेरणी बैलांच्या पाभरीवरून ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राकडे गेली. त्याच्या पेटीत एकच बी भरणे सोयीचे, आणि नळी धरून मागे चालणारी स्त्री त्या वेगात कोठून टिकणार? त्यानंतर तणनाशके आली. सोयाबीनमध्ये रुंद पानांचे तण मारणारे औषध फवारले की शेजारची तिळाची ओळही तणाबरोबर जळते; औषधाला तण कोणते आणि पीक कोणते हे आपण ठरविल्याप्रमाणे कळते, मातोश्रींनी ठरविल्याप्रमाणे नव्हे. मळणीयंत्रासही मिसळीचे पीक चालत नाही. येणेप्रमाणे एकेक सोय घरात आली आणि एकेक ओळ रानातून गेली. प्रत्येक वेळी आमचा निर्णय त्या वर्षापुरता बरोबरच होता. सर्व निर्णयांची बेरीज मात्र कोणी केली नाही.

आज ती बेरीज करून पाहिली पाहिजे. ज्या शेतकऱ्याच्या घरी पूर्वी तीळ, कारळे, जवस, करडई यांपैकी दोन-तीन तरी बिया पिकत, तो आज तेलाचा डबा विकत घेतो. आणि सबंध देशाचे पाहिले तर लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. बांधावरच्या ओळींनी ही तूट भरून निघेल असे भोळे विधान आम्ही करणार नाही. परंतु पिकविणाराच विकत घेणारा झाला म्हणजे त्याची स्थिती किती दुबळी होते, हे आपल्या संघाच्या सभासदांस निराळे सांगावयास नको. सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी घरात तेल नाही, तीळ नाही, आणि विकावयाचे सोयाबीन भाकरीवर लावता येत नाही, असा अनुभव पुष्कळांस आला असेल.

आता आहाराचा विचार. तिळात वजनाच्या सुमारे निम्मे तेल आणि जवळजवळ पाचवा हिस्सा प्रथिने असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम सालासकट तिळांत १,२०० मिलिग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम, सापडतो. तितक्याच गाईच्या दुधात तो सुमारे १२० मिलिग्रॅम असतो. तिळाच्या सालीत ऑक्झॅलिक अम्ल असल्यामुळे हा सर्वच चुना अंगी लागत नाही, हे सांगणेही कर्तव्य आहे; तथापि साल काढून पांढरे केलेल्या तिळांत तो मुळातच बराच कमी होतो, हेही तितकेच खरे. बाजरीत लोह चांगले असते. तृणधान्यांत जे लायसीन नावाचे प्रथिनघटक कमी पडते ते हरभरा व घेवडा पुरवितात, आणि डाळींत जे मेथिओनीन कमी असते ते तीळ पुरवितो. भोगीच्या ताटात हे तिन्ही एकत्र येतात. आमच्या आज्या-पणज्यांस ही नावे ठाऊक होती असा दावा आम्ही करीत नाही. त्यांस एवढेच ठाऊक होते की, थंडीत जे रानात आहे ते एकत्र शिजवावे व ज्यात स्निग्धांश आहे ते भाकरीवर लावावे. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ या म्हणीत वैद्यकापेक्षा शेतीच अधिक आहे. ज्याच्या रानात या दिवसांत इतक्या जातींचे खाद्य उभे आहे, त्याचे वर्ष बरे जाईल, असा आम्ही तिचा अर्थ करतो.

तिळाचे आपल्याशी नाते किती जुने आहे हे भाषेवरूनही दिसते. तेल हा शब्दच तिळापासून आला. तिळाचे ते तैल, मग पुढे सर्वच बियांचे तेल. हडप्पा येथील उत्खननात जळके तीळ मिळाले आहेत. ज्या बीने आपल्या भाषेस तेल हा शब्द दिला, तेच आज आपण पुडीवर छापलेल्या नावावरून ओळखतो.

आणि ही गोष्ट केवळ आपल्याच देशाची नव्हे. इंग्लंडात सोळाव्या शतकात थॉमस टसर नावाच्या शेतकरी ग्रंथकाराने शेतीकामाचे पद्यबद्ध नियम लिहिले. १५५७ साली छापलेल्या शंभर नियमांचे १५७३ साली पाचशे झाले. त्यांत गव्हाची पेरणी आटोपल्यावर घरच्या बाईने गड्यांसाठी काय काय करावे हे सांगताना बी घातलेल्या केकचा उल्लेख आहे. म्हणजे तेथेही बियांची भाकर ही पेरणी करणाऱ्याच्या हक्काची होती. पुढे त्यात शहाजिऱ्याच्या जातीचे बी घालण्याचा प्रघात पडला, आणि कालांतराने तो केक चहाच्या टेबलावरील पदार्थ म्हणून अधिक ओळखला जाऊ लागला. तेथील भाजणे आपल्याहून निराळे, बी निराळे. पण बी पेरणाऱ्याच्या हातावर बियांचीच भाकर ठेवावी ही बुद्धी तीच. तिसरी भाकर पाभर धरणाऱ्यास, हा आमच्या घरचा क्रम आम्हांस त्यामुळे अधिकच समजला.

तिळाविषयी आम्ही लिहिले ते आमच्या टापूस धरून. इतर जिल्ह्यांतील वाचकांनी तिळाच्या जागी आपापले बी ठेवून पाहावे. नाशिक, ठाणे, पालघर या जिल्ह्यांच्या डोंगरउतारांवर हलक्या जमिनीत कारळे, ज्यास खुरासणी म्हणतात, ते पिकते. त्याच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या येतात, व त्यांच्यावाचून त्यास दाणा नीट भरत नाही. म्हणून जेथे कारळे गेले तेथे माश्यांचेही एक रान गेले. विदर्भात जवस, त्याच्या तेलात ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल निम्म्याच्या आसपास असते, आणि त्याच जवसाची चटणी भाकरीबरोबर रोज खाणारी घरे अजून आहेत. सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात ज्वारीच्या कडेने करडई. तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत, म्हणजे कुंपणाचे कुंपण व तेलाचे तेल. प्रत्येक घरच्या पदार्थाच्या आठवणीमागे असे एक बी उभे आहे. पदार्थाची कृती लिहून ठेवण्याचा उद्योग आज पुष्कळ जण करीत आहेत व तो स्तुत्य आहे. परंतु कृती कागदावर टिकते, बी कागदावर टिकत नाही. बी दर दोन-तीन वर्षांनी मातीत गेलेच पाहिजे, नाहीतर ते मडक्यातल्या मडक्यात मरते.

यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणतो. पहिला आक्षेप असा की, तिळाचा उतारा फारच कमी. खरे आहे. देशाची सरासरी हेक्टरी चार-पाच क्विंटलांच्या आसपास आहे. पैशाच्या पिकाशी त्याने स्पर्धा करावी असे आम्ही म्हणतच नाही. आम्ही मागतो ते दोन-तीन गुंठे. याच हिशोबाने एका गुंठ्यास चार-पाच किलो तीळ होतात, आणि तीन गुंठ्यांत घरच्या वर्षाची बेगमी होऊन बियाणे उरते. बी लागते हेक्टरी अडीच ते तीन किलो. म्हणजे गुंठ्यास २५ ते ३० ग्रॅम, एक मूठ. एका मुठीसाठी जमीन नाही असे म्हणणारा शेतकरी आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

दुसरा आक्षेप मजुरीचा. तिळाची कापणी व झोडणी हाताची, आणि मजूर मिळत नाहीत. तीन गुंठ्यांस मजूर लागत नाहीत. घरची दोन माणसे व दोन सकाळी पुरतात. मात्र हे काम पुन्हा एकट्या स्त्रीच्या डोक्यावर टाकून पुरुषाने भाकरीचे कौतुक करीत बसावे, हे आम्हांस मान्य नाही. पूर्वी ती ओळ तिची होती तसा त्या ओळीवरचा अधिकारही तिचा होता. काम परत द्यावयाचे व अधिकार द्यावयाचा नाही, असे करू नये.

तिसरा आक्षेप असा की, हा सर्व जुन्याचा हळवेपणा आहे. यास आमचे उत्तर असे की, हळवेपणा असता तर आम्ही जात्याचे व चुलीच्या धुराचेही गोडवे गाइले असते. धूर गेला हे उत्तम झाले. त्याने आमच्या मातोश्रींचे डोळे घालविले आहेत. नवे जरूर घ्यावे. तिळातही नवे आहेच. जळगावची ‘तापी’ व ‘पद्मा’ आणि अकोल्याची ‘एकेटी-६४’ ही आपल्याच प्रांतातील संशोधन केंद्रांनी निवडलेली वाणे आहेत, व ज्यास गावरान बी मिळत नाही त्याने ती खुशाल पेरावी. सोलापूरकडे तीळ लावून केलेल्या कडक भाकऱ्या स्त्रिया करून विकतात व त्या दूरवर जातात, हेही नवेच आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, त्यामुळे बाजरीच्या भाकरीस शहरात मान मिळाला. त्या भाकरीवरच्या तिळाची मात्र कोणी फारशी वास्तपुस्त केलेली आम्ही पाहिली नाही.

दुसऱ्यास सांगण्यापूर्वी आम्ही स्वतः काय केले, हे वाचक विचारतील. तेव्हा तेही सांगतो. गावरान तांबूस तीळ आमच्या घरी उरला नव्हता. चौकशी करता शेजारच्या वाडीतील एका वृद्ध भगिनीच्या उतरंडीत पसाभर मिळाला, तोही चार वर्षांचा जुना. ओल्या फडक्यात शंभर दाणे ठेवून पाहिले तर तिसरा हिस्साच उगवला. म्हणून बी तिप्पट धरले, बारीक वाळूत मिसळले आणि गेल्या खरिपात तीन गुंठे उथळ पेरले. तीन आठवड्यांनी विरळणी केली. काही झाडांवर फुलांच्या जागी पानांचेच झुबके आले; हा पर्णगुच्छ रोग तुडतुड्यांमुळे पसरतो, म्हणून ती झाडे उपटून जाळली. पुढे भाद्रपदात मोठा पाऊस होऊन खालच्या अंगास दोन दिवस पाणी साचले व तेवढा भाग पिवळा पडून गेला, कारण तिळास मुळाशी उभे पाणी मुळीच सोसत नाही. जुनी माणसे तीळ बांधाच्या उंच अंगासच का घेत, हे आम्हांस त्या दिवशी कळले. अखेरीस पाच किलोंस थोडे कमी तीळ घरात आले. हिशोबाने प्रयोग फसला असेच म्हणावे लागेल. परंतु त्यातील एक किलो राखेत घोळून मडक्यात गेला आहे, आणि ज्या भगिनीने पसा दिला तिच्या घरी दोन पसे परत गेले आहेत.

आता संघापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली अशी की, येत्या खरिपाच्या आधी प्रत्येक गावच्या शाखेने आपल्या गावात कोणत्या घरी कोणते जुने तीळ, कारळे, जवस, करडई वा अंबाडी शिल्लक आहे याची यादी करावी, आणि ती यादी पुरुषांस न विचारता घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस विचारून करावी. हे काम होण्यासारखे आहे याचा दाखला दूर नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी घरगुती वाणांचे बी जमवून बीजपेढी उभी केली, व त्याबद्दल २०२० साली पद्मश्री देऊन त्यांचा गौरव झाला. दुसरी सूचना अशी की, दरवर्षी भोगीच्या दिवशी संघाच्या कचेरीत बियांची अदलाबदल व्हावी; एक मूठ द्यावी व एक मूठ न्यावी, पैशाचा व्यवहार नको. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाप्रमाणे आपल्या शेतातील बी राखणे, पेरणे व एकमेकांस देणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, तेव्हा याबाबत कोणी भीती बाळगू नये. तिसरी सूचना या मासिकापुरती. आमच्या भगिनींनी आपल्या घरच्या बियांच्या पदार्थाची कृती आम्हांकडे पाठवावी. मात्र तीत किती वाट्या व किती चमचे एवढेच न लिहिता ते बी कोणत्या रानात, कोणत्या पिकाच्या ओळीत व कोणत्या महिन्यात पेरले जाई, तेही लिहावे. ज्या कृतीत ही माहिती असेल ती आम्ही अग्रक्रमाने छापू.

असो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा भोगीस थोडेच दिवस उरलेले असतील. आमच्या घरी यंदा भाकऱ्या नेहमीप्रमाणेच होतील. तीळ दिसावयास पांढरे असणार नाहीत. तांबूस, बारीक-मोठे, एखाद-दुसरा खडाही निघेल. पहिली भाकरी देवापुढे ठेवली जाईल. गाय आता घरी नाही, तेव्हा दुसरी शेजाऱ्याच्या गाईस जाईल. पाभर धरणारा गडीही नाही. पेरणी आम्हीच केली, तेव्हा तिसरी भाकर क्रमाने आमच्याकडे येते. ती आम्ही मातोश्रींच्या ताटात वाढणार आहोत. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तर या वेळी आम्हांस रानाचे नाव सांगता येईल, आणि निम्मे पीक पाण्यात का गेले हेही सांगावे लागेल. त्यावर त्या काय म्हणतील हे आम्ही आजच ओळखून आहोत: बांधाच्या उंच अंगाला पेरायचं असतं, एवढं ठाव नव्हतं व्हय?